कोठावळ्याचे आरमार : ल्यू ह्वाछिंग ह्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन

१

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चिनी नौदलाचा इतिहास लिहिताना ल्यू ह्वाछिंग हे नाव टाळता येत नाही. १९८२ ते १९८८ ह्या काळात ते चिनी नौदलाचे सेनापती होते. पुढे १९८९ मध्ये ते मध्यवर्ती लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि १९९२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्यूरोच्या स्थायी समितीवर निवडले गेले. १९९७ साली त्यांनी निवृत्ती पत्करली व १४ जानेवारी २०११ रोजी बीजिंग येथे त्यांचे निधन झाले. डोंगराळ मुलुखात पायदळ सैनिक म्हणून आरंभ झालेली ही कारकीर्द समुद्रावरील सत्तेच्या उभारणीत परिणत व्हावी, ही घटना कोणत्याही अभ्यासकाचे कुतूहल जागे करील अशीच आहे.

ह्या कुतूहलाचे समाधान आजवर मुख्यतः उपमांच्या साहाय्याने करण्यात आले आहे. पाश्चात्त्य लेखक ल्यू ह्यांना कधी 'चीनचे मॅहॅन' म्हणतात, तर कधी 'चीनचे गोर्श्कोव्ह'. खुद्द चीनमध्ये त्यांचा गौरव 'विमानवाहू जहाजांचे जनक' म्हणून होतो. ह्या तिन्ही बिरुदांत तथ्याचा अंश आहे. परंतु तिन्ही बिरुदे मूळ प्रश्नाला बगल देतात. मॅहॅन हा न्यूपोर्ट येथील नौदल महाविद्यालयातील अध्यापक. १६६० ते १७८३ ह्या कालखंडातील आरमारी युद्धांचा अभ्यास करून त्याने १८९० मध्ये सागरी सत्तेविषयीचा आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. ल्यू ह्यांनी असा सिद्धांतग्रंथ लिहिलेला नाही. त्यांचा मोठा ग्रंथ म्हणजे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी होत. गोर्श्कोव्ह हा तरुण वयातच नौदलात दाखल झालेला, दुसऱ्या महायुद्धात आरमारी पथकांचे नेतृत्व केलेला आणि १९५६ पासून जवळजवळ तीस वर्षे सोव्हिएत नौदलाची धुरा वाहिलेला दर्यावर्दी. ल्यू नौदलात आले ते वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. त्यांची सेनापतिपदाची मुदत सहा वर्षांहूनही कमी होती. 'जनक' हे तिसरे बिरुद तर कालगणनेलाच सोडून आहे, कारण चीनचे पहिले विमानवाहू जहाज नौदलात दाखल झाले तेव्हा ल्यू ह्यांच्या मृत्यूला दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

मग ह्या कारकिर्दीचे सूत्र कशात शोधावयाचे? ते समुद्रविषयक दिव्यदृष्टीत शोधण्यापेक्षा रसदपुरवठ्याच्या हिशेबी वृत्तीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. जुन्या काळी सैन्याची कोठी सांभाळणाऱ्या कोठावळ्याला जो प्रश्न रोज पडे, म्हणजे 'हाताशी किती आहे, किती दिवस पुरेल आणि कोठवर पोहोचविता येईल', तोच प्रश्न ल्यू ह्यांनी आधी संशोधनसंस्थेत आणि नंतर नौदलात विचारला. त्यांच्या यशाचे श्रेय ह्या वृत्तीकडे जाते. त्यांच्या कारकिर्दीतील ज्या गोष्टी इतिहासाला क्षम्य मानता येणार नाहीत, त्यांचेही मूळ बऱ्याच अंशी ह्याच वृत्तीच्या मर्यादेत आहे.

२

ल्यू ह्यांचा जन्म ऑक्टोबर १९१६ मध्ये हूपे प्रांतातील दावू येथे झाला. १९२९ मध्ये ते कम्युनिस्ट युवक संघात व १९३० मध्ये लाल सेनेत सामील झाले. पक्षाचे सभासदत्व त्यांना १९३५ साली मिळाले. ज्या पंचविसाव्या सेनेत ते होते, तिने नोव्हेंबर १९३४ मध्ये हूनान प्रांताच्या उत्तरेकडील हनान प्रांतातून आपली दीर्घ कूच आरंभिली आणि सप्टेंबर १९३५ मध्ये उत्तर शेन्सी गाठले. निघताना तिची संख्या ३,००० हून किंचित कमी होती, पोहोचताना ती ३,००० हून अधिक होती. दीर्घ कुचीत इतर सेनांची संख्या रोडावत गेली असता ही एकच सेना वाढली. वाटेत माणसे मिळविणे, धान्य मिळविणे आणि लोकांची सहानुभूती टिकविणे ही तीन कामे परस्परांपासून अलग नसतात, हे त्या कुचीतील तरुणांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

जपानविरुद्धच्या युद्धात ल्यू हे आठव्या मार्ग सेनेच्या १२९ व्या डिव्हिजनमध्ये होते. तिचे सेनापती ल्यू पोछंग व राजकीय कमिसार तंग श्याओफिंग. ह्या डिव्हिजनच्या मुख्यालयात काम केल्यानंतर ल्यू ह्वाछिंग ह्यांची नेमणूक तिच्या पुरवठा विभागाचे राजकीय कमिसार म्हणून झाली. कमिसार म्हणजे पक्षाच्या वतीने त्या विभागावर देखरेख ठेवणारा अधिकारी. धान्याची पोती मोजणे हे त्याचे काम नव्हे, परंतु मोजणाऱ्यांची सचोटी व निष्ठा राखणे हे निश्चितपणे त्याचे काम.

थायहांग पर्वतराजीतील ह्या तळाची स्थिती लक्षात घेतल्यावाचून त्या नेमणुकीचे महत्त्व कळणार नाही. बाहेरून मदत जवळजवळ बंद, आत जमीन नापीक, भोवती शत्रूच्या चौक्यांची तटबंदी. ह्या परिस्थितीत ऑक्टोबर १९३९ मध्ये तेथे 'चीनान बँक' स्थापन होऊन तळाचे स्वतःचे चलन सुरू झाले. १९४२-४३ मध्ये अवर्षण व टोळधाडीने दुष्काळ पडला, तेव्हा सैनिकांना नांगर हाती घ्यावा लागला. अशा मुलुखात पुरवठा ही लढाईची पूर्वतयारी राहत नाही. ती स्वतःच लढाई होऊन बसते.

ह्याच धड्याची दुसरी बाजू यादवी युद्धात दिसली. १९४७ च्या उन्हाळ्यात ल्यू पोछंग व तंग ह्यांच्या फौजा पिवळी नदी ओलांडून थेट दाब्ये पर्वतात शिरल्या. पिछाडीचा तळ त्यांनी मागेच सोडला होता. ल्यू ह्वाछिंग ह्या मोहिमेतील दुसऱ्या स्तंभाच्या सहाव्या ब्रिगेडमध्ये राजकीय अधिकारी होते. ही मुसंडी डावपेचांच्या दृष्टीने निर्णायक ठरली खरी. परंतु त्या हिवाळ्यात सैनिकांना अंगावरचे कापूस भरलेले कपडे स्वतःच्या हातांनी शिवावे लागले व अवजड तोफा वाटेतच टाकून द्याव्या लागल्या. तळाविना सैन्य किती दूर जाऊ शकते आणि त्याची किंमत काय पडते, ह्याचे ज्ञान त्या पिढीला असे झाले.

ह्यावरून ल्यू ह्यांचे सारे उत्तरायुष्य थायहांगच्या कोठीतच घडले, असा निष्कर्ष काढणे अतिव्याप्त होईल. पुरवठा विभागातील काळ हा त्यांच्या दीर्घ नोकरीचा एक लहानसा भाग होता, आणि त्या पिढीतील शेकडो अधिकारी अशाच अनुभवातून गेले होते. तथापि त्यांपैकी फारच थोड्यांना तो अनुभव तंत्रविद्येच्या क्षेत्रात नेऊन कसाला लावण्याची संधी मिळाली. ल्यू ह्यांना ती मिळाली, हेच त्यांचे वेगळेपण.

३

चिनी कम्युनिस्टांच्या नौदलाची स्थापना २३ एप्रिल १९४९ रोजी झाली. त्याचे पहिले सेनापती श्याओ चिंग्वांग हे पायदळातून आलेले. मार्च १९५० मध्ये त्यांना ल्यूगोंग बेटाची पाहणी करावयाची होती, तेव्हा नौदलाच्या ह्या सेनापतीला एका कोळ्याची होडी भाड्याने घ्यावी लागली. ही हकिकत चिनी लेखक सामान्यतः साधेपणाचे उदाहरण म्हणून सांगतात. परंतु ल्यूगोंग बेटाची निवड अर्थपूर्ण आहे. १८९५ साली चिंग साम्राज्याच्या पेयांग आरमाराचा अंत ह्याच बेटापाशी झाला होता. त्या आरमाराजवळ जहाजांची वाण नव्हती. जर्मनीत बांधलेल्या 'दिंगयुआन' व 'चन्युआन' ह्या चिलखती युद्धनौकांच्या तोडीच्या नौका त्यावेळी जपानजवळही नव्हत्या. वाण होती ती मोठ्या तोफांच्या योग्य गोळ्यांची, नियमित पैशाची, आणि जहाजांमागे उभ्या राहणाऱ्या संस्थांची. जहाज विकत घेता येते, आरमार विकत घेता येत नाही, हा त्या पराभवाचा अर्थ होता.

ल्यू ह्यांचा नौदलात प्रवेश झाला तो १९५२ मध्ये, दालियन येथील नौदल विद्यालयाचे उप-राजकीय कमिसार म्हणून. १९५४ मध्ये त्यांना लेनिनग्राड येथील व्होरोशिलोव्ह नौदल अकादमीत शिकावयास धाडण्यात आले व १९५८ पर्यंत ते तेथे होते. दरम्यान १९५५ मध्ये त्यांना रिअर-ॲडमिरलचा हुद्दा मिळाला होता. हा काळ सोव्हिएत नौदलाच्या इतिहासात विलक्षण उलथापालथीचा होता. मोठ्या जहाजांचा व विमानवाहू नौकांचा पुरस्कर्ता ॲडमिरल कुझनेत्सोव्ह ह्याला १९५५ च्या अखेरीस पदच्युत करण्यात आले. ख्रुश्चॉव्ह ह्याचा कल क्षेपणास्त्रांकडे व पाणबुड्यांकडे होता. आणि नवा सेनापती गोर्श्कोव्ह ह्याला आहे त्या साधनसामग्रीत नौदलाचे अस्तित्व टिकवून धरावयाचे होते. कुझनेत्सोव्हच्या नावाने पुढे जी विमानवाहू नौका बांधली गेली, तिच्याच जोडीचे दुसरे जहाज अर्धवट अवस्थेत चीनच्या हाती यावे, हा इतिहासातील चमत्कारिक योगायोग आहे.

मायदेशी परतल्यावर ल्यू ह्यांनी ल्यूशुन येथील नाविक तळावर काम केले. परंतु त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले ते १९६१ मध्ये. आदल्याच वर्षी सोव्हिएत तज्ज्ञ चीनमधून परत बोलावले गेले होते. फेब्रुवारी १९५९ च्या करारान्वये मिळावयाची पाणबुड्यांची व क्षेपणास्त्रनौकांची तंत्रविद्या अर्धवट हाती आलेली. नकाशे होते तर यंत्रे नव्हती, यंत्रे होती तर सुटे भाग नव्हते. अशा वेळी युद्धनौकांच्या संशोधनासाठी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत सातवी संशोधनसंस्था स्थापन झाली व ल्यू तिचे पहिले प्रमुख झाले. १९६५ मध्ये जहाजबांधणी उद्योगाचा कारभार पाहणाऱ्या सहाव्या यंत्रनिर्मिती मंत्रालयाचे उपमंत्री व १९६६ मध्ये संरक्षण विज्ञान व तंत्रविद्या आयोगाचे उपाध्यक्ष अशी पदे त्यांनी सांभाळली.

चरित्रकार ह्या वर्षांवरून घाईने पुढे जातात, कारण त्यांत ना लढाई आहे ना सागरसफर. समीक्षकाने मात्र येथेच थांबावयास हवे. एखाद्या पाणबुडीसाठी कोणत्या जातीचे पोलाद लागेल, ते कोणत्या कारखान्यात तयार होईल, त्या कारखान्याला वीज कोठून मिळेल व ते पोलाद सांधणारे कारागीर किती वर्षांत तयार होतील, ही प्रश्नमालिका मूलतः पुरवठ्याचीच आहे. फरक इतकाच, की थायहांगमध्ये पोत्यांचा हिशेब आठवड्यांत करावयाचा होता, येथे तो दशकांत करावयाचा होता. चीनची पहिली अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी डिसेंबर १९७० मध्ये पाण्यात उतरली व १९७४ मध्ये नौदलात दाखल झाली. ह्या दोन तारखांमधील अंतर त्या हिशेबाची बिकटता पुरेशी स्पष्ट करते.

सांस्कृतिक क्रांतीच्या वादळात ल्यू ह्यांची पदावनती झाली आणि जहाजबांधणी संशोधनाच्या एका कचेरीत त्यांची रवानगी झाली. तेथेच १९७० मध्ये, वरून आलेल्या आज्ञेनुसार, त्यांनी विमानवाहू जहाजाच्या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर अभ्यास करवून घेऊन आराखडा सादर केला. तो अमलात येणे त्या काळी शक्यच नव्हते.

४

ऑगस्ट १९८२ मध्ये ल्यू नौदलाचे सेनापती झाले. त्यापूर्वीच, मे १९८० मध्ये, उप-सरसेनाप्रमुख ह्या नात्याने अमेरिकेच्या दौऱ्यावर असता त्यांनी 'किटी हॉक' हे विमानवाहू जहाज पाहिले होते, आणि त्या दर्शनाचा आपल्यावर झालेला खोल परिणाम त्यांनी आठवणींत नमूद केला आहे. ह्याच महिन्यात चीनने आपले दूर पल्ल्याचे क्षेपणास्त्र दक्षिण पॅसिफिकमध्ये डागून पाहिले. त्या चाचणीसाठी १८ जहाजांचा ताफा विषुववृत्त ओलांडून गेला. त्या ताफ्याला समुद्रात चालता चालता तेल व पाणी पुरविणारी जहाजे सोबत होती, म्हणूनच तो जाऊ शकला. 'किटी हॉक'च्या भेटीचा उल्लेख सर्वत्र होतो, ह्या पुरवठा-जहाजांचा क्वचितच. वस्तुतः पुढील तीस वर्षांचा पाया दोहोंपैकी अधिक प्रमाणात दुसऱ्या घटनेने घातला.

ल्यू ह्यांच्या सेनापतिपदाशी निगडित असलेली मुख्य कल्पना म्हणजे 'निकट समुद्राचे संरक्षण'. तोवर चिनी नौदलाची भूमिका किनाऱ्यालगत शत्रूला अडविण्याची होती. टॉर्पेडोनौका, सुरुंग व लहान पाणबुड्या ह्यांच्या साहाय्याने समुद्रावर गनिमी कावा लढणे, असे तिचे स्वरूप. ल्यू ह्यांनी ही मर्यादा पीत समुद्र, पूर्व चिनी समुद्र, दक्षिण चिनी समुद्र आणि त्यांना वेढणाऱ्या बेटांच्या साखळीपर्यंत नेली. ह्या पहिल्या साखळीत जपान, र्युक्यू, तैवान व फिलिपीन्स येतात; आर्थिक व तांत्रिक सामर्थ्य वाढेल तसतसे पुढे दुसऱ्या साखळीपर्यंत जाण्याचा विचार त्यांनी मांडला.

ह्या कल्पनेचे वाचन दोन प्रकारे करता येते. पहिले वाचन विस्तारवादाचे : नकाशावर एकामागून एक रेषा ओढणारा सेनापती आणि त्या गाठण्याचे ठरलेले वेळापत्रक. अनेक लेखांत २०००, २०२० आणि २०५० अशी तीन वर्षे ल्यू ह्यांच्या नावावर देण्यात येतात. हे सुबक वेळापत्रक मुख्यतः टीकाकारांच्या लेखनात दृढ झालेले आहे. खुद्द आठवणींत भर आहे तो तारखांवर नसून अटींवर. 'अर्थव्यवस्था व तंत्रविद्या वाढतील तेव्हा' ही ती अट. दुसरे वाचन ह्या अटीपासून आरंभ करते. त्या दृष्टीने बेटांची साखळी ही पल्ल्याची खूण ठरते : अमुक इतक्या तेलात, अमुक इतक्या सुट्या भागांत आणि अमुक इतक्या हवाई संरक्षणात जहाज कोठवर जाऊन किती दिवस टिकू शकेल, ह्याची ती मोजपट्टी होय.

विमानवाहू जहाजासंबंधीचे त्यांचे निवेदन ह्या दुसऱ्या वाचनाला पुष्टी देते. मार्च १९८७ मध्ये त्यांनी वरिष्ठांपुढे जो युक्तिवाद मांडला, त्यात राष्ट्राच्या वैभवाचा मुद्दा दुय्यम आहे. मुख्य मुद्दा काटकसरीचा आहे : जमिनीवरील तळांवरून दूरच्या समुद्रास तेवढेच हवाई संरक्षण द्यावयाचे झाल्यास अधिक विमाने व अधिक विमानतळ लागतील. आणि मागणी काय केली? सातव्या पंचवार्षिक योजनेत केवळ विचारविमर्श, आठव्या योजनेत मूलभूत प्रश्नांवर संशोधन, आणि २००० सालच्या सुमारास परिस्थिती पाहून प्रत्यक्ष आराखडा. सत्तरी ओलांडलेला मनुष्य जेव्हा असे वेळापत्रक मांडतो, तेव्हा हे जहाज आपल्या हयातीत होणार नाही, हे गृहीत धरूनच मांडतो. त्याच वर्षी क्वांगचौ येथील नौदल अकादमीत वैमानिकांना जहाजाचे कप्तान म्हणून तयार करणारा वर्ग सुरू झाला. जहाजाचा पत्ता नसता कप्तान तयार करणे बाह्यतः हास्यास्पद वाटेल. परंतु जहाजापेक्षा कप्तान घडण्यास अधिक वेळ लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते तसे वाटणार नाही.

काळही अनुकूल नव्हता. १९८५ मध्ये तंग ह्यांनी सैन्यातून दहा लक्ष माणसे कमी करण्याची घोषणा केली होती. पैसा उद्योग व शेतीकडे वळत होता. अशा स्थितीत ल्यू ह्यांनी मोठ्या जहाजांचा हट्ट धरून संघर्ष ओढवून घेतला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचे 'मेलबर्न' हे जुने विमानवाहू जहाज मोडीच्या भावाने विकत घेण्यात आले, तेव्हा मोडण्यापूर्वी ते चिनी तंत्रज्ञांनी नीट तपासून घेतले.

नोव्हेंबर १९८५ मध्ये चिनी नौदलाची पहिली परदेशभेट निघाली. 'हफेइ' नावाची एक विनाशिका आणि 'फंगछांग' नावाचे एक पुरवठा-जहाज, एवढाच ताफा. हिंदी महासागरात येऊन त्यांनी पाकिस्तान, श्रीलंका व बांगलादेश ह्या देशांच्या बंदरांना भेटी दिल्या. भारताजवळ त्यावेळी 'विक्रांत' हे विमानवाहू जहाज होते, आणि ते मुंबई बंदरात प्रथम आल्याला चोवीस वर्षे झाली होती. त्यामुळे ह्या दोन जहाजांच्या आगमनात भीती बाळगण्याजोगे काही नव्हते. तथापि ताफ्यातील प्रमाण पाहण्याजोगे आहे : लढणारे एक, पोसणारे एक.

५

येथवर केलेल्या विवेचनाचा बराचसा आधार ल्यू ह्यांच्या आठवणी हाच असल्याने त्या साधनाचीही परीक्षा करावयास हवी. हा ग्रंथ लेखकाच्या वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, सैन्याच्याच प्रकाशनसंस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. तोवर त्यांचे धोरण विजयी ठरले होते. विजयी धोरणाचा कर्ता आपल्या भूतकाळाकडे पाहतो तेव्हा त्यास चुकलेल्या वाटा दिसत नाहीत, सरळ रस्ता तेवढा दिसतो. १९७० चा आराखडा, १९८० ची जहाजभेट व १९८७ चे निवेदन ही जणू एकाच सूत्रात ओवलेली दिसू लागतात. परंतु १९७० चा अभ्यास वरिष्ठांच्या आज्ञेने झाला होता, आणि १९८० ची भेट एका राजकीय दौऱ्याचा भाग होती. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला नसता, तर १९९२ पासून सुखोई विमाने व १९९५ पासून किलो जातीच्या पाणबुड्या चीनला मिळाल्या नसत्या. आणि युक्रेनच्या गोदीत अर्धवट राहिलेले 'वर्याग' हे जहाजही १९९८ मध्ये विक्रीला निघाले नसते. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट ल्यू ह्यांच्या योजनेत नव्हती, असू शकत नव्हती.

म्हणून त्यांचे श्रेय द्रष्टेपणात शोधू नये. संधी येईल हे त्यांना ठाऊक नव्हते. परंतु ती आल्यास तिचा उपयोग करू शकणारी माणसे, संस्था व कारखाने त्यांनी अगोदर उभे करून ठेवले होते. चांगला कोठावळा पाऊस कधी पडेल हे सांगू शकत नाही, बियाणे मात्र राखून ठेवतो.

६

जमेची बाजू येथे संपते. खर्चाच्या बाजूकडे दुर्लक्ष करून केलेले मूल्यमापन हे मूल्यमापन नव्हे, स्तुतिपाठ होय.

१९८८ च्या आरंभी चीनने स्प्रॅटली द्वीपसमूहातील सहा प्रवाळखडकांवर ताबा मिळविला. त्यातील जॉन्सन साउथ खडकापाशी १४ मार्च रोजी चिनी नौकांनी केलेल्या गोळीबारात व्हिएतनामचे ६४ जण मृत्युमुखी पडले. ल्यू ह्यांनी त्याच वर्षी जानेवारीत सेनापतिपद सोडले होते, ही तांत्रिक सबब पुढे करता येईल. परंतु १९८७ मध्ये त्या समुद्रात ज्या गस्ती झाल्या व ज्या हालचालींची पूर्वतयारी झाली, त्यावेळी नौदलाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. एका खडकावर सागरनिरीक्षणाचे केंद्र उभारावयाचे म्हणून सामानसुमान नेण्यात आले, आणि त्या सामानामागून सार्वभौमत्वाचा दावा आला. पुरवठा येथे युद्धाचे निमित्त झाला.

दुसरी बाब त्याहूनही गंभीर आहे. २० मे १९८९ रोजी बीजिंगमध्ये लष्करी कायदा पुकारण्यात आला व ३ आणि ४ जूनच्या रात्री सैन्याने निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. त्या फौजांच्या संचालनात मध्यवर्ती लष्करी आयोगाच्या वतीने ल्यू ह्यांचा प्रमुख वाटा होता, असे त्या घटनांच्या अभ्यासकांनी मांडले आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते आयोगाचे उपाध्यक्ष झाले. नौदलाच्या इतिहासकारांना ह्या प्रकरणाचा उल्लेख अप्रस्तुत वाटतो, कारण ते समुद्रावर घडले नाही. परंतु कारकिर्दीचे मूल्यमापन करावयाचे असेल तर सोयीचे तुकडे वेगळे काढता येत नाहीत. नव्वदीच्या दशकात नौदलाला जे वजन व जो पैसा लाभला, तो ज्या पदामुळे लाभला, त्या पदापर्यंत जाणारी वाट त्या उन्हाळ्यातून गेलेली आहे.

ह्या दोन्ही घटनांना जोडणारा दुवा कोणता? ल्यू क्रूर होते असे मानण्यास त्यांच्या लेखनात आधार सापडत नाही. सापडते ते निराळेच. पुरवठ्याची बुद्धी 'कसे' ह्या प्रश्नाचे उत्तर उत्तम देते. 'कशासाठी' हा प्रश्न ती दुसऱ्यावर सोपविते. धान्य कोणाच्या मुखी जावे, हे कोठावळा ठरवीत नाही. थायहांगमध्ये तो प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते, कारण समोर परकी आक्रमक होता आणि उत्तर सर्वांना ठाऊक होते. १९८९ मध्ये ते उत्तर ठाऊक नव्हते. निदान ते विचारण्याची वेळ आली होती. पण सहा दशके 'कशासाठी' हा प्रश्न पक्षाच्या स्वाधीन करून राहिलेल्या माणसाजवळ तो स्वतः विचारण्याची सवय उरलेली नव्हती. राजकीय कमिसार म्हणून ज्याने आयुष्यभर इतरांची निष्ठा राखली, त्याने आपली निष्ठा तपासून पाहिल्याचे दिसत नाही. ही केवळ एका व्यक्तीची उणीव नव्हे. ज्या शिक्षणाने ही व्यक्ती घडविली, त्या शिक्षणाचीच ती उणीव होय.

७

'वर्याग' ओढत ओढत मार्च २००२ मध्ये दालियनला आणण्यात आले. पन्नास वर्षांपूर्वी ल्यू ज्या गावी प्रथम नौदलाच्या विद्यालयात रुजू झाले होते, तेच हे बंदर. २५ सप्टेंबर २०१२ रोजी हे जहाज 'ल्याओनिंग' ह्या नावाने नौदलात दाखल झाले, आणि स्वदेशात बांधलेले 'शानतुंग' हे जहाज २०१९ मध्ये त्याच्या जोडीला आले. ल्यू ह्यांचे स्मरण होते ते ह्या भव्य जहाजांच्या संदर्भात.

त्यांच्या वृत्तीचा खरा वारसा मात्र दुसरीकडे पाहावयास मिळतो. डिसेंबर २००८ मध्ये चाचेगिरीला आळा घालण्यासाठी चिनी नौदलाचे पहिले पथक एडनच्या आखाताकडे निघाले. त्यात दोन युद्धनौका व एक पुरवठा-जहाज होते. १९८५ चेच प्रमाण किंचित बदलून पुन्हा अवतरले होते. पुढे १ ऑगस्ट २०१७ रोजी जिबूती येथे चीनचा पहिला परदेशी लष्करी तळ उघडला, तेव्हा चीनने त्याला अधिकृतपणे नाव दिले ते पुरवठ्याच्या तळाचे. ह्या नावात सत्य लपविण्याचा हेतू असेल. परंतु चिनी नौदलाच्या वाढीचा क्रम जाणणाऱ्याला ते नाव अगदीच खोटेही वाटणार नाही.

ल्यू ह्वाछिंग ह्यांना मॅहॅन वा गोर्श्कोव्ह ठरविण्याची घाई केल्याने दोन गोष्टी दृष्टीआड होतात. एक, मोठे आरमार हे थोर कल्पनेतून उद्भवत नाही, तर कंटाळवाण्या, दीर्घ आणि बहुधा निनावी अशा सिद्धतेतून उद्भवते. दुसरी, अशी सिद्धता स्वतःच्या प्रयोजनाचा न्यायनिवाडा करू शकत नाही. पहिल्या गोष्टीत त्यांच्या कर्तृत्वाचा अर्थ आहे, दुसऱ्या गोष्टीत त्याची मर्यादा आहे. ज्यांना समुद्रावर त्या सामर्थ्याशी सामना करावा लागतो, त्या देशांनी पहिल्या गोष्टीचा अभ्यास करणे हिताचे. आणि सैन्याचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाने दुसरीचा विसर पडू देऊ नये.